एक कॅरटचा हिरा केवढ्याला? वजन, दर आणि बिल समजून घेताना

सोन्याचा भाव सकाळी फोन करून विचारता येतो. नाशिकच्या सराफ बाजारातली जुनी पेढी असो की कॉलेज रोडवरचं चकाचक दालन, दहा ग्रॅमचा आकडा थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच कळतो. त्याच सवयीने लोक हिऱ्याचाही भाव विचारतात, “एक कॅरट केवढ्याला?” प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. एकाच ट्रेमध्ये शेजारी ठेवलेल्या दोन एक-कॅरटी हिऱ्यांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो आणि तरी दोन्ही किमती रास्त असू शकतात.

कॅरट म्हणजे फक्त वजन. किंमत ठरते ती त्या वजनाला लागणाऱ्या प्रतिकॅरट दरावर, आणि मेख अशी की हा दर वजनाप्रमाणे पुन्हा बदलतो. एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. लग्नसराईत, पाडव्याला किंवा गुरुपुष्याच्या गर्दीत दुकानात शिरण्याआधी घरी शांतपणे वाचायला म्हणून हे लिहितोय. हाताशी वही-पेन घ्या, थोडं गणित आहे.

आधी वजन वाचायला शिका

1 कॅरट म्हणजे 200 मिलीग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. 5 कॅरट झाले की 1 ग्रॅम होतो. हे माप 1907 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं. त्याआधी प्रत्येक पेठेचा कॅरट थोडा वेगळा असायचा, म्हणून जुन्या नामांकित हिऱ्यांची वजनं निरनिराळ्या नोंदींत निरनिराळी सापडतात.

एका कॅरटचे 100 सेंट. सराफ “तीस सेंटचा आहे” म्हणाला की तो हिरा 0.30 कॅरटचा. 1 सेंट म्हणजे 2 मिलीग्रॅम. आता हे बघा: दुकानातला सोन्याचा काटा 10 मिलीग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवत असेल, तर त्याची एक उडी म्हणजे 5 सेंट. असल्या काट्यावर सुटा हिरा मोजून काहीच कळत नाही. सुटा हिरा घेत असाल तर कॅरटचा काटा मागा, निदान दोन दशांश स्थळं दाखवणारा, आणि वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का त्याच्यावर आहे का ते बघा. बऱ्या पेढीवर यात कुणाला राग येत नाही.

घरातली मोठी माणसं रत्तीत बोलतात. रत्तीचं वजन सोनाराकडे एक आणि ग्रहांचे खडे विकणाऱ्याकडे दुसरं, त्यामुळे हिऱ्याच्या व्यवहारात रत्ती येऊ देऊ नका. बिलावर आणखी एक घोळ होतो. “18 कॅरट” हा आकडा सोन्याच्या शुद्धतेचा असतो, 24 भागांपैकी 18 भाग सोनं, म्हणजे 75 टक्के. त्याच्याच खालच्या ओळीत “0.50 कॅरट” लिहिलेलं असतं, ते हिऱ्याचं वजन. दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा वजनाच्या बाबतीत फार कडक असतात. जीआयए ही 1931 पासून काम करणारी संस्था तिसऱ्या दशांश स्थळावर 9 आला तरच आकडा वर चढवते. म्हणजे 0.999 भरलेला हिरा प्रमाणपत्रावर 1.00 होतो आणि 0.998 भरलेला मात्र 0.99 राहतो. एवढी काटेकोरी कशासाठी, ते दराकडे वळलं की समजतं.

दराच्या पायऱ्या

तयार हिऱ्यांच्या व्यापारात ‘रॅपापोर्ट’ नावाचं दरपत्रक चालतं. 1978 पासून ते निघतंय. व्यापारी त्याला नुसतं ‘रॅप’ म्हणतात आणि “रॅपच्या इतके टक्के खाली” अशा भाषेत सौदे करतात. ते काही सरकारी दरपत्रक नव्हे आणि गिऱ्हाइकाला त्या भावाने माल मिळतही नाही. तरी त्याची रचना आपल्याला माहीत हवी, कारण दुकानातला दर तिच्याच सावलीत ठरतो. त्यात वजनाचे गट पाडलेले असतात: 0.30 ते 0.39, 0.40 ते 0.49, 0.50 ते 0.69, 0.70 ते 0.89, 0.90 ते 0.99, मग 1.00 ते 1.49, असं पुढे. प्रत्येक गटाला रंग आणि शुद्धतेप्रमाणे वेगळा प्रतिकॅरट दर. गट बदलला की दर एकदम उडी मारतो.

केवळ गणितासाठी दोन आकडे धरू. एका ठरावीक प्रतीला 0.90 च्या गटात प्रतिकॅरट 3,00,000 रुपये आणि 1.00 च्या गटात 3,80,000 रुपये दर आहे असं समजा. 0.96 कॅरटचा हिरा 2,88,000 रुपयांना पडेल आणि 1.00 कॅरटचा 3,80,000 रुपयांना. फरक 92,000 रुपयांचा. वजनातला फरक 8 मिलीग्रॅम, आणि वरून दिसणाऱ्या व्यासातला जेमतेम 0.1 मिलिमीटर. बोटात घातल्यावर हा फरक कुणाच्याही डोळ्याला दिसणार नाही.

म्हणून माझा सल्ला कायम हाच असतो: नवऱ्या मुलीला किंवा मुलाला “पूर्ण एक कॅरट”चाच हट्ट नसेल तर 0.90 ते 0.96 मध्ये शोधा. अर्ध्या कॅरटच्या आसपास बघत असाल तर 0.45 ते 0.48. असे हिरे कमी मिळतात. सुरतेत पैलू पाडणाऱ्या कारागिराला हे गणित तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. कच्चा दगड 1.00 चा आकडा गाठू शकत असेल तर तो प्रमाणात थोडी खोट सोसून तो आकडा गाठतोच. या सवयीचा त्रास आपल्याला कसा होतो, ते पुढे मापांच्या भागात येईल.

वजन दुप्पट झालं की किंमत दुपटीहून बरीच जास्त होते, तेही याच पायऱ्यांमुळे. मोठा, स्वच्छ कच्चा दगड जमिनीतून क्वचितच निघतो, म्हणून 2 कॅरटचा एक हिरा त्याच प्रतीच्या 1-1 कॅरटच्या दोन हिऱ्यांपेक्षा महाग असतो. हाच हिशेब उलटा लावला की पुढची गोष्ट समजते.

“एकूण दीड कॅरट”चा अर्थ

आपल्याकडे हिऱ्याचा पहिला दागिना बहुतेक घरांत कुड्यांचा असतो. सात खड्यांचं फूल, मध्ये एक मोठा, भोवती सहा. मूल्यांकनाच्या कामात माझ्यासमोर अशा कुड्या सतत येतात. निफाडकडच्या एक वहिनी सासूबाईंच्या कुड्या घेऊन आल्या होत्या. “सासूबाई म्हणायच्या, दीड कॅरटच्या आहेत. नेटवर दीड कॅरटचा भाव बघितला, तो धरला तर दोघी जावांमध्ये वाटणी कशी करायची तेच कळेना,” त्या म्हणाल्या.

कुड्या जुन्या, कोंदण मागून बंद. खोली मोजायला जागाच नव्हती, म्हणून गेज लावून फक्त व्यास घेतले. मधला खडा 3.5 मिलिमीटर, कडेचे साधारण 3 मिलिमीटर. 3.5 मिलिमीटरचा गोल हिरा सुमारे 0.15 कॅरटचा आणि 3 मिलिमीटरचा सुमारे 0.10 कॅरटचा असतो. एका कुडीत 0.15 अधिक सहा वेळा 0.10, म्हणजे 0.75. दोन्ही मिळून 1.50. सासूबाईंचा आकडा अगदी बरोबर होता. पण दर लावायचा तो 15 सेंटच्या दोन खड्यांचा आणि 10 सेंटच्या बारा खड्यांचा. दीड कॅरटच्या एकट्या हिऱ्याचा दर इथे लागूच होत नाही. वहिनींच्या अंदाजापेक्षा रक्कम कितीतरी खाली आली. मग मी त्यांना म्हटलं, “वहिनी, कुड्या मोडून खडे वाटू नका, त्यात दोघींचंही नुकसान आहे. एकीने कुड्या ठेवाव्यात, दुसरीने तेवढ्या रकमेचं सोनं घ्यावं.” सात खड्यांची जुळलेली जोडी फुटली की सुट्या लहान खड्यांना फारसं कुणी विचारत नाही.

यातून नवा दागिना घेताना करायचं ते इतकंच: “एकूण डायमंड वजन” या आकड्यावर थांबू नका. किती खडे, प्रत्येक आकाराचे किती, त्या-त्या गटाचं वजन किती आणि दर काय, हे बिलावर वेगळं लिहून मागा. एक सेंटच्या आसपासचे बारीक खडे कॅरटच्या हिशेबात स्वस्त असतात. त्यांना मोठ्या खड्याचा दर लागला असेल तर तो फक्त असल्या फोडीतूनच उघडा पडतो.

मापं घ्या, वजन पोटात लपलेलं असू शकतं

चांगल्या प्रमाणात पैलू पाडलेला गोल हिरा साधारण असा भरतो: 0.25 कॅरटचा 4.1 मिलिमीटर व्यासाचा, 0.50 चा 5.1 ते 5.2, 0.75 चा 5.8 ते 5.9, 1.00 चा 6.4 ते 6.5 आणि 2.00 चा 8.1 ते 8.2. हे पाच आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

कोंदणात बसवलेल्या गोल हिऱ्याचं वजन काढायलाही एक सूत्र आहे: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले 0.0061, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. समजा व्यास 5.15 आणि खोली 3.15. 5.15 चा वर्ग 26.52, गुणिले 3.15 म्हणजे 83.5, गुणिले 0.0061 म्हणजे 0.51 कॅरट. थोडा इकडे-तिकडे फरक पडतो, पण 0.51 च्या जागी कुणी 0.60 सांगत असेल तर हे सूत्र लगेच बोलतं. ते फक्त हिऱ्यालाच लागू आहे. अमेरिकन डायमंड म्हणून विकला जाणारा क्युबिक झिरकोनिया त्याच आकारात हिऱ्याच्या दीडपटीहून जड असतो.

आता तो कारागिराच्या सवयीचा मुद्दा. 1.00 चा आकडा गाठण्यासाठी हिरा खोल ठेवला जातो. वजन खाली पोटात किंवा जाड कडेत राहतं. प्रमाणपत्रावर 1.00 कॅरट खरंच असतं, पण व्यास 6.2 मिलिमीटरच भरतो आणि हिरा वरून 0.90 च्या आसपासचा दिसतो. पैसे मात्र एक कॅरटच्या गटातले जातात. शिवाय प्रकाश खालून गळून जातो, मध्ये काळपट डाग दिसतो. म्हणून प्रमाणपत्रावर वजनाच्या बरोबरीने मापांची ओळ वाचा. गोल हिऱ्यात खोलीची टक्केवारी, म्हणजे खोली व्यासाच्या किती टक्के ते, 59 ते 62.5 च्या दरम्यान असली की मी निश्चिंत होतो. 64 च्या वर गेली की तो हिरा बाजूला ठेवतो, किंमत कितीही आकर्षक असो.

वजन आणि तेज यांची ही ओढाताण नाशिकच्या नावाच्या हिऱ्यात लख्ख दिसते. जगभर ‘नासक’ म्हणून ओळखला जाणारा हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवळात होता असं सांगतात. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती लागून लंडनला गेला. तेव्हा त्याचं वजन सुमारे 90 कॅरट होतं, आपल्या जुन्या पद्धतीचा वजन राखणारा घाट, म्हणजे कट. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी त्याला नव्याने पैलू पाडले, वजन 80.59 वर आलं. पुढे 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा कापला आणि 43.38 कॅरटवर आणला. जगातला एक मुरलेला व्यापारी 37 कॅरटची भुकटी होऊ देतो, ती त्या बदल्यात मिळणाऱ्या तेजाचा आणि निर्दोषपणाचा भाव त्याला माहीत असतो म्हणून. त्र्यंबकच्या देवाचा हिरा परक्या मुलखात असा कापला गेला याची मला मनापासून हळहळ वाटते. पण त्या व्यापाऱ्याचा हिशेब काय होता, तो या आकड्यांतून नेमका कळतो.

घाटाचा दर्जा जीआयए एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर असा देते आणि 2006 पासून तो गोल हिऱ्याला मिळतो. गोल हिऱ्यात ‘एक्सलंट’च्या खाली उतरू नका, असंच मी सांगेन. पैसे कमी पडत असतील तर वजन दहा सेंटने कमी करा, रंग एक पायरी खाली घ्या, घाटात तडजोड नको.

रंग आणि शुद्धता

रंगाची पट्टी डी पासून झेड पर्यंत. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी ते जे जवळजवळ रंगहीन. पुढे पिवळसर झाक वाढत जाते. आपल्याकडे दागिना बहुधा पिवळ्या सोन्यातच घडतो. त्यात एच किंवा आयचा हिरा शुभ्रच दिसतो, डीचे पैसे वाया जातात. पांढऱ्या सोन्यात जी पर्यंत राहा.

शुद्धतेच्या, म्हणजे हिऱ्यात डाग किती कमी याच्या, वरून खाली एकूण 11 पायऱ्या आहेत: एफएल, आयएफ, व्हीव्हीएस-1 आणि 2, व्हीएस-1 आणि 2, एसआय-1 आणि 2, शेवटी आय-1, 2, 3. हे सगळं दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरतं. व्हीएस-2 मधला डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. एसआय-1 मध्ये तो कुठे आहे ते बघून ठरवा; काठाशी असेल तर कोंदणाच्या नखीखाली झाकला जातो, मधोमध काळा असेल तर नको.

दालनातल्या स्पॉटलाइटखाली काचेचा तुकडाही झगमगतो. हिरा दाराशी न्या, सकाळच्या साध्या उजेडात सावलीत धरून बघा. आणि “व्हीव्हीएस-ईएफ”, “एसआय-आयजे” अशी लेबलं ही बारीक खड्यांच्या गठ्ठ्याला लावलेली दुकानदाराची वर्गवारी असते. मोठ्या खड्याला मात्र त्याचा स्वतःचा, नेमका एक दर्जा हवा.

प्रमाणपत्र काय सांगतं, काय सांगत नाही

30 सेंट किंवा त्याहून मोठा हिरा स्वतंत्र प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका. जीआयए आणि आयजीआय या संस्थांची प्रमाणपत्रं आपल्या बाजारात सर्रास मिळतात. हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक भिंगातून स्वतः वाचा, मग तोच क्रमांक मोबाइलवर त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. वजन, मापं, रंग सगळं जुळायला हवं. हे दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करायचं.

दोन हिऱ्यांची तुलना करताना दोन्ही एकाच संस्थेचे असू द्या. एका संस्थेचा जी आणि दुसऱ्या संस्थेचा जी डोळे झाकून सारखा धरता येत नाही. संपूर्ण दागिन्याला मिळणारं छोटं कार्ड वेगळं. कोंदणात बसलेल्या हिऱ्याची पूर्ण तपासणी होऊच शकत नाही, म्हणून त्यावर दर्जा अंदाजाने आणि पट्ट्यात दिलेला असतो. आणि प्रमाणपत्र किंमत सांगत नाही, ते फक्त गुण सांगतं.

प्रयोगशाळेत तयार केलेल्या हिऱ्यांबद्दल हल्ली रोज विचारणा होते. ते खरे हिरेच आहेत, रासायनिकदृष्ट्या तेच कार्बन, तेवढेच कठीण. कॅरटचं मापही तेच. पण त्यांचा भाव खाणीतल्या हिऱ्याच्या तुलनेत अगदी थोडा आहे आणि गेल्या काही वर्षांत तो सतत उतरत आलाय. दुकानातला साधा पेनासारखा डायमंड टेस्टर उष्णतेवर चालतो. तो या दोघांत फरक करू शकत नाही. त्यामुळे ‘नैसर्गिक’ किंवा ‘लॅबग्रोन’ हा शब्द बिलावर आणि प्रमाणपत्रावर असायलाच हवा. घालायला मोठा, सुंदर खडा हवा असेल तर लॅबग्रोन खुशाल घ्या. पुढे मोडून पैसे येतील हा हिशेब मात्र त्यात धरू नका.

बिलाची ओळन् ओळ

एक अंगठी घ्या. काट्यावर एकूण वजन 4.350 ग्रॅम. हिरे 0.75 कॅरट. 0.75 गुणिले 0.2 म्हणजे 0.150 ग्रॅम. निव्वळ सोनं 4.200 ग्रॅम. सोन्याचा दर या 4.200 वर लागायला हवा. तो 4.350 वर लावला असेल तर हिऱ्याचे पैसे हिऱ्याच्या दरानेही दिले आणि सोन्याच्या दरानेही. अंगठीत ही रक्कम लहान वाटते, पण 8 कॅरटच्या हारात तेच वजन 1.6 ग्रॅम होतं.

मग घडणावळ. ती सोन्याच्या टक्क्यांवर आहे की ग्रॅमवर, की हिऱ्याची किंमत धरून एकूण रकमेवर टक्के लावलेत? शेवटचा प्रकार असेल तर तिथेच घासाघीस करा. दागिन्यावर जीएसटी 3 टक्के.

हॉलमार्क बघाच: बीआयएसचं चिन्ह, 18 कॅरटसाठी 750 चा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकून पडताळता येतो. पण हा शिक्का फक्त सोन्याची हमी देतो. हिऱ्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही, आणि “हॉलमार्क आहे ना, मग काय काळजी?” असं ऐकून निवांत होणारी माणसं मी फार बघतो.

पैसे मोजण्याआधी परतीचा प्रश्न विचारा, तोंडी आश्वासन नको. बदलून दुसरा दागिना घेतला तर हिऱ्याचे किती टक्के, रोख हवे असतील तर किती, आणि ते टक्के बिलातल्या दरावर की त्या दिवशीच्या दरावर? घडणावळ आणि जीएसटी तर परत मिळत नाहीच. ही अट बिलाच्या मागे छापलेली नसेल तर हाताने लिहून शिक्का मारून घ्या.

“सुरतेला जाऊन आणला तर स्वस्त पडेल का?” हाही नेहमीचा प्रश्न. सुरत काय किंवा वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स काय, तिथला कारभार व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतला आहे, ओळख आणि जांगडवर, म्हणजे पसंतीसाठी विश्वासाने माल देण्यावर, चालणारा. एका अंगठीसाठी गेलेल्या माणसाला तो भाव मिळत नाही, वर तक्रार असेल तर परत इतक्या लांब जायचं. त्यापेक्षा नाशिकमध्येच दोन-तीन ठिकाणी एकाच संस्थेचं प्रमाणपत्र, तेच वजन, तोच रंग, तीच शुद्धता आणि तोच घाट सांगून प्रतिकॅरट दर लिहून घ्या. एकूण किंमत विचारू नका, प्रतिकॅरट दरच विचारा. त्या कागदावर फरक लगेच दिसतो.

घरी आल्यावर प्रमाणपत्र आणि बिल दोन्हींचे फोटो काढून ठेवा, शाई उडते. पुढे कधी अंगठी सैल करायला किंवा कुड्यांची फिरकी बदलायला दिली, तर देताना खड्यांची संख्या, एकूण वजन आणि मोठ्या खड्याचा लेझर क्रमांक पावतीवर लिहून घ्या. परत घेताना भिंग मागून तो क्रमांक पुन्हा एकदा वाचा, मगच पावती परत करा.